आठ बिटांची काटकसर

आई गायला लागली की कॉम्प्युटरच्या पडद्यावरची हिरवी पट्टी जेमतेम एक तृतीयांश अंतर सरकायची. एखाद्या ठसठशीत जोडाक्षरावर ती किंचित उसळायची आणि ओळीच्या शेवटी, जिथं लेकीचं नाव होतं, तिथं जवळजवळ विझून जायची. वैदेही हे शांतपणे बघत होती. तिला काळजी नव्हती. रेकॉर्डिंग तिनं चोवीस बिटवर लावलं होतं. चोवीस बिट म्हणजे आवाजाची उंची मोजायला दीड कोटीहून जास्त पायऱ्या. हळू आवाजाच्याही वाट्याला त्यातल्या पुष्कळ येतात, आणि मिक्सिंग करताना तो हवा तेवढा वाढवता येतो.

हे सगळं तिनं घरात समजावून सांगितलं होतं. ती हिंगण्याच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासायची आणि फावल्या वेळात घरीच गाणी रेकॉर्ड करायची. धाकट्या वेदिकाचं लग्न ठरलं तेव्हा आईचं मंगलाष्टक रेकॉर्ड करायची कल्पनाही तिचीच. त्याला कारण होतं. लग्न लागताना मुलीची आई तुळशीला पाणी घालते. ती स्टेजवर नसते. आणि सुमतीबाई स्टेजवर असत्या तरी गायल्या असत्या का, हा प्रश्नच होता. घराण्यातल्या प्रत्येक लग्नाचं मंगलाष्टक त्या लिहायच्या आणि ते म्हणायचे त्यांचे भाऊ नानाजी, शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालून. तू स्वतः का म्हणत नाहीस असं कोणी विचारलं, की सुमतीबाई "बघू" म्हणायच्या. तीस वर्षं त्या बघतच होत्या.

वेदिकानं मात्र या वेळी हट्ट धरला होता. नानाजीमामाचा आवाज तिला चालणार नव्हता. आईचाच हवा होता.

पहिलं रेकॉर्डिंग संपलं. वैदेहीनं आवाज वाढवला, आणि स्पीकरमधून कोणीतरी रेती चाळत असल्यासारखी खरखर आली. तिच्या आत कुठंतरी दूर सुमतीबाई गात होत्या. वेदिकाचं नाव तर रेतीत पार गडप झालं होतं.

"फ्रिज," वैदेही ठामपणे म्हणाली.

फ्रिज बंद केला. दही आंबलं, कोथिंबीर काळी पडली, खरखर राहिली. मग संशय कूलरवर गेला. नागपूरचा मे महिना, खिडक्या लावलेल्या, दाराला गादी टेकवलेली, आणि बंद कूलरसमोर सुमतीबाई घामाघूम होऊन शुभेच्छा गात होत्या. खरखर राहिली. नवी केबल आली, नवा माइक उसना आला. वैदेहीचा आत्मविश्वास एकदाही डळमळला नाही. फक्त एकेक वस्तू दोषी ठरत गेली. दर वेळी ती आईला थोडं मोठ्यानं म्हणायला सांगायची आणि दर वेळी सुमतीबाई थोडं मोठ्यानं म्हणायच्या.

या सगळ्यात खूश होते ते एकटे वैदेहीचे बाबा, मधुसूदनराव. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून घरातला प्रत्येक दिवा, पंखा आणि नळ त्यांच्या देखरेखीखाली होता. फ्रिज आणि कूलर एकाच वेळी बंद, असा योग त्यांच्या संसारात कधी आला नव्हता.

शेवटी तुलना म्हणून वैदेहीनं नानाजीमामाला बोलावलं. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी सोडली आणि माइकला जवळजवळ ओठ लावून सुरुवात केली. हिरवी पट्टी टोकापर्यंत धावली. ऐकून पाहिलं तर आवाज ठणठणीत, खरखर शोधूनही सापडेना.

"मशीन बराबर आहे गा," नानाजी मेहुण्याला म्हणाले. "सुमतीच्या गळ्यातच राम नाही राह्यला. मी म्हणून टाकतो. काय मोठी गोष्ट आहे?"

तोच माइक, तीच केबल, तीच खोली. पुरावा आईच्या विरुद्ध होता. सुमतीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि मंगलाष्टकाचा कागद आणून त्यांनी भावासमोर ठेवला. वेदिका ताडकन उठून खोलीत निघून गेली.

नानाजी गेल्यावर वैदेही कॉम्प्युटर आवरायला बसली. एवढ्या फुकट गेलेल्या रेकॉर्डिंगनं डिस्क भरली असेल, जुनी पुसून टाकावीत, असं ती पुटपुटली.

"कायले पुसतं?" मधुसूदनराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "जागा भरपूर आहे. मी पहिलेच आठावर करून ठेवलं ना."

"काय आठावर केलं, बाबा?"

"ते तुझे बिट. चोवीस लावून ठेवले होते तू. खाली आठ होते, सोळा होते. दोनशे छप्पन पायऱ्या होतात आठात, तूच तर सांगितलं. दोनशे छप्पनमध्ये माणूस गड चढून दर्शन घेऊन येते. एका मंगलाष्टकाले दीड कोटी कायले पाहिजे?"

वैदेहीनं सेटिंग उघडलं. तिथं आठ होते. कारखान्यात दुसऱ्यांची उपकरणं रोज तपासणाऱ्या वैदेहीनं हा एक आकडा पुन्हा पाहिला नव्हता, कारण तो तिनं स्वतः निवडलेला होता. नानाजीमामाच्या गर्जनेला दोनशे छप्पन पायऱ्या पुरल्या होत्या. आईच्या हळू आवाजाच्या वाट्याला त्यातल्या तळाच्या मोजक्याच आल्या, आणि त्याच वाढवून वाढवून ती खरखर ऐकत बसली होती.

"तुम्ही काहून हात लावला त्याले?" दारात उभ्या असलेल्या सुमतीबाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, पण मधुसूदनरावांनी पेपर घडी करून ठेवला.

वैदेहीनं चोवीस निवडले, दोनदा तपासले आणि आईला माइकसमोर उभं केलं. वेदिकाही बाहेर येऊन बसली. सुमतीबाईंनी कागद घेतला नाही.

पहिल्याच ओळीला पट्टी लाल झाली. इतके दिवस "थोडं मोठ्यानं, थोडं मोठ्यानं" ऐकून कमावलेला तो आवाज होता. घामात, बंद खोलीत, फ्रिज-कूलरविना घोटलेला. माइक ज्या पेटीला जोडला होता, तिच्यात शिरतानाच तो फाटत होता. आता चोवीस काय नि बत्तीस काय, फाटलेलं शिवता येणार नव्हतं. वेदिकाचं नाव आलं तेव्हा कपाटावरचं भांडं किणकिणलं.

कडवं संपलं तसा भिंतीपलीकडून शेजारच्या गोपाळरावांचा आवाज आला. दुसरी ओळ फार सुंदर झाली वहिनी, पुन्हा एकदा होऊ द्या.

"हे तर फुकटचं," मधुसूदनराव हळूच म्हणाले. "ना माइक, ना करंट."

वैदेहीनं आवाजाची पातळी खाली घेतली आणि आईला सांगितलं, आता नक्की जमेल, फक्त जरा हळू म्हण.

सुमतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पदरानं घाम टिपला, कूलरचं बटण दाबलं आणि मघाशी भावासमोर कागद ठेवला होता तसा स्वयंपाकघरातून तांब्या आणून नवऱ्याच्या हातात दिला.

"तुळशीले पाणी तुम्ही घाला. पूर्ण तांब्याभर, वाचवायचं नाही. मंगलाष्टक मी स्टेजवर उभी राहून म्हणते."