थोरल्यांच्या शेजारचा ठिपका

आंबेखोलच्या सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळमाळावर, राहणारा तारा गाव सोडून जाणार हे नक्की झालं, तेव्हा ग्रामसभेपुढे एकच प्रश्न उरला: तो एकटा जाणार, की त्याच्यासोबत आणखी कोणी आहे?

तारा मोठा होता. गाव त्याला थोरले म्हणे. चिरेखाणी बंद पडल्या त्या वर्षी तो सड्यावर येऊन राहिला, आणि जागा रिकामीच असल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. तेव्हापासून आंबेखोलात रात्र होत नव्हती. आमसुलं बारा महिने वाळत. कोंबड्यांनी आरवणं सोडून दिलं होतं, आणि संध्याकाळचं लग्न असलं की संध्याकाळ झाली का, ते शेजारच्या गावाला विचारावं लागे. पण मोठे तारे भराभर खर्च होतात. थोरल्यांचे थोडेच दिवस राहिले होते, आणि फुटायचं ते माणसांपासून लांब, समुद्रापलीकडे जाऊन फुटावं, असं त्यांनी स्वतःच सुचवलं होतं. गावाला त्यांचा हा सभ्यपणा फार आवडला.

शाल्मली केळुसकर त्याच आठवड्यात परदेशातून शिकून परतली होती. मोठ्या ताऱ्यांचा उजेड झाकायचा आणि त्यांच्या कडेला कोणी मंद, बारकं आहे का ते शोधायचं, हेच काम तिने तिकडे केलं होतं. तिकडचे तारे फार दूरचे. त्यांना सोबती सापडला तरी तो त्यांना कळवायची सोय नव्हती. इथे ती सोय होती. सभेत ती ताडकन उभी राहिली.

"एवढे मोठे तारे सहसा एकटे नसतात," ती म्हणाली. "थोरल्यांच्या शेजारी कोणीतरी असणार. त्यांच्याकडे बघताच आपले डोळे मिटतात, म्हणून आपल्याला दिसत नाही. ते गेले आणि तो मागे राहिला, तर तो कायमचा इथे एकटा पडेल."

यात अतिशयोक्ती नव्हती. आंबेखोलची रीत अशी, की कायमचं गाव सोडणाऱ्यासाठी वेशीवर गाऱ्हाणं घालतात. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, देवाला मोठ्याने सांगतो की अमका चालला आहे, त्याला सांभाळ. आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. गाऱ्हाण्यात ज्याचा उल्लेख नाही त्याला वेस ओलांडता येत नाही. मागे एकाने शेजारच्या गावात म्हैस विकली आणि गाऱ्हाणं घालायचं राहून गेलं. म्हैस वेशीपाशी जाऊन थांबली. अजून थांबलेली होती.

सगळ्यांनी बाबल गावकराकडे पाहिलं.

"जेका कोणी बघूक नाय, तेचा गाऱ्हाणा मी घालूचंय नाय," गावकर म्हणाला. "आज ह्या घाल, उद्या म्हणशात वाऱ्याचा घाल."

"गावकरकाका, मी दाखवते. फक्त थोरल्यांना झाकायला हवं."

"इतक्या लांब जावन तू झाकूक शिकलंस गो? आमच्या घरात ता सगळ्यांका येता."

सभा हसली. शाल्मलीही हसली, पण बसली नाही.

"झाकूक काय होया ता सांग," सरपंच सुलभाताई राऊळ म्हणाल्या. त्यांना सभा वेळेत संपवायची सवय होती.

आधी सूप धरून पाहिलं. ते जळालं. छत्रीतून उजेड आरपार आला. मग सुलभाताईंना देवळातल्या महाप्रसादाच्या तपेल्याचं झाकण आठवलं. तांब्याचं, जाड, दोन कड्यांचं. गावकराने ते दिलं, पण घासून परत करायच्या अटीवर.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव सड्यावर जमलं. एका कडीला शाल्मली, दुसऱ्या कडीला सुलभाताई, आणि झाकणाच्या सावलीत दाटीवाटीने गाव.

"माझ्यामुळे तुम्हाला उगाच त्रास," थोरले म्हणाले. "मी एकटाच आहे. इथे आलो तेव्हा मागे कोणी असेल असं समजून बोलायचो. उत्तर आलं नाही, म्हणून थांबलो."

"मागे वळून नाही बघितलंत?"

"बघतो. मी वळतो तिकडे उजेडच असतो."

झाकण बरोबर मध्ये आलं. त्याच्या कडेने झगमग तेवढी उरली, आणि त्या झगमगीत प्रत्येकाला ठिपके दिसू लागले. कोणाला चार, कोणाला वीस. भांडण लागायची वेळ आली.

"सगळ्यांनी मान तिरकी करा," शाल्मली ओरडली. "मानेबरोबर फिरतो तो ठिपका तुमच्या डोळ्यातला. तो सोडून द्या. जागेवर राहतो तो खरा."

गावाने मान डावीकडे तिरकी केली, मग उजवीकडे. एकेक ठिपका गळत गेला. शेवटी सगळ्यांना मिळून एकच उरला: झाकणाच्या डाव्या काठाशी, काजव्याएवढा, तांबूस.

"दिसला!" शाल्मलीने एक हात सोडून बोट दाखवलं आणि झाकण हललं.

"नीट धर गो," सुलभाताई म्हणाल्या.

गावकर बराच वेळ बघत होता. "दिसता हा," तो म्हणाला. "पण तो मागच्या टॉवराचो दिवो असतलो. एस्टीत माझ्या बाजूक कोण बसलो, म्हणान तो माझो जावय झालो काय?"

हा आक्षेप बिनतोड होता. तिकडे मोठमोठ्या परिषदांतही पहिला प्रश्न हाच विचारत. शाल्मलीला उत्तर ठाऊक होतं, पण त्यासाठी जे मागावं लागणार होतं, ते मागायला तिची जीभ रेटेना.

"थोरले, तुम्ही थोडे सरकाल का? तो तुमचा असेल तर तुमच्यासोबत सरकेल. दिवा असेल तर जागेवर राहील."

"सरकलो की मी कमी होतो," थोरले म्हणाले. त्यात तक्रार नव्हती.

"माहीत आहे मला."

"किती सरकू?"

"चिरेखाणीपर्यंत."

थोरले सरकले. दगड तापून तडकले. दोघी झाकण घेऊन त्यांच्या बरोबरीने चालल्या आणि गाव सावली धरून मागोमाग धावलं. चिरेखाणीशी थोरले थांबले. आता ते आधीपेक्षा किंचित लहान दिसत होते.

ठिपका जागेवरच होता.

गावकराने खांद्यावरचा पंचा झटकला आणि तो घराकडे वळला.

"काका, थांबा," शाल्मली म्हणाली. "तो लहान आहे. त्याला कळायला वेळ लागेल."

"काय झालं?" थोरल्यांनी विचारलं. "मला सांगा कोणीतरी."

तेवढ्यात ठिपका हलला. आधी जरासा, मग आई लांब गेलेली दिसल्यावर करडू धावतं तसा, काजूच्या झाडांवरून, तडकलेल्या दगडांवरून थेट चिरेखाणीपर्यंत आला, आणि थोरल्यांच्या डाव्या अंगाला पहिल्याइतक्याच अंतरावर थांबला.

"इलो," गावकर म्हणाला. पंचा त्याने पुन्हा खांद्यावर टाकला. "तुमचोच आसा तो."

मग थोरल्यांनी विचारलं, "हे झाकण लावलं, तर मलाही तो दिसेल?"

"दिसेल," शाल्मली म्हणाली. "मध्ये येतोय तो फक्त तुमचा उजेड."

"मग ते मला मिळेल का?"

झाकण देवस्थानचं. सगळे पुन्हा गावकराकडे बघू लागले.

"आणि माझो महाप्रसाद?"

"केळीची पानां घालू वरसून," सुलभाताई म्हणाल्या. ठराव तिथेच, उभ्याउभ्या मंजूर झाला.

गुरुवारी वेशीवर नारळ ठेवला गेला. गावकराने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज हो जो तुझो तारो येशीभायर चल्लो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"...आणि तेच्या पाठसून जो बारको चल्लो हा, तेंका दोघांकाय सांभाळ. वाटेत तेंची चुकामूक होव देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गावकर क्षणभर थांबला. त्याची नजर बाजूला गेली.

"आणि ही म्हस," तो म्हणाला.

"व्हय म्हाराजा!"

म्हैस शेजारच्या गावाच्या दिशेने चालू लागली. थोरले समुद्राकडे गेले, आणि त्यांच्या डाव्या अंगाने तो ठिपका.

आता आंबेखोलात रात्र होते. पश्चिमेला, समुद्राच्या पार टोकाशी, थोरल्यांचा उजेड तेवढा दिसतो. रोज तिन्हीसांजेला तो काही वेळ दिसेनासा होतो. लोक घरापुढच्या खळ्यात उभे राहून खात्री करून घेतात, "थोरल्यांनी झाकण लायल्यानी," म्हणतात, आणि जेवायला आत जातात.