सासरेबुवांच्या कानात चार तंतुवाद्यं

"जगात बहिरा माणूस नसतोच! असतो तो चुकीच्या दुकानात गेलेला!" असं कानवाले येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ठणकावून सांगत. कानाची मशीनं विकण्यात त्यांची हयात गेली होती. कोणाच्या कानाला कुठलं मशीन बसेल, हे ते नुसता चेहरा बघून सांगत, आणि पुष्कळदा ते बसेसुद्धा.

दिव्याखाली अंधार होता तो फक्त त्यांच्या घरात. सासरेबुवा एका मोठ्या छापखान्यात फोरमन होते. आपली ऐकण्याची शक्ती छपाईयंत्रांपाशी ठेवून ते निवृत्त झाले होते आणि आता लेकीकडे राहत होते. सासूबाईंनी त्यांना "चहा झाला" म्हटलं की शेजारचे उठून येत. पण मशीनचं नाव काढायची सोय नव्हती.

"मला सगळं ऐकू येतं! तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता!"

एके दिवशी सासूबाई जावयापुढे रडल्याच. "ह्यांच्याशी हळू आवाजात दोन शब्द बोलायचेत हो. गोड बोलायला गेलं तरी भांडल्यासारखं वाटतं."

कानवाल्यांना गलबलून आलं. "आई, आता बघाच तुम्ही!" ते म्हणाले.

एका गिऱ्हाइकाने त्यांना मैफलीचे दोन पास दिले होते. वर छापलं होतं, 'नव्या रचना : स्ट्रिंग क्वार्टेट'. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो! व्हायोलिन म्हणजे नुसता मध! असा मध एकदा कानात पडला की सासरेबुवा झोपतानासुद्धा मशीन काढायचे नाहीत. कानवाल्यांनी मनातल्या मनात मांडे भाजायला घेतले.

सासरेबुवांनी अट घातली. "आजच्या दिवस घालतो. पण त्यात खोट निघाली, तर पुन्हा माझ्या कानांकडे बघायचंसुद्धा नाही! कबूल?"

"कबूल!" कानवाले म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दोघं पुढच्या रांगेत बसले. काळ्या कपड्यांतली चार माणसं आली, गज उचलले आणि वाजवू लागली. म्हणजे, तसं वाटलं तरी.

"जावईबापू, खरखरतंय," सासरेबुवा म्हणाले.

"नवीन आहे बाबा, बसेल."

"आता करकरतंय. बेअरिंग गेलंय ह्याचं."

कानवाल्यांच्या पाचावर धारण बसली. दुकानातलं सगळ्यात भारी मशीन, आणि खरखर! त्यांनी घाईघाईने मोबाइल काढला. हे मशीन मोबाइलवरूनच कमीजास्त करता येत असे. त्यात गोंगाट गाळायची सोय होती. ती त्यांनी पूर्ण वर नेली. मशीन हुशार होतं. त्याने क्षणभर विचार केला आणि चौघांचंही वादन गोंगाट म्हणून गाळून टाकलं.

"आता ती माणसं नुसती करवत चालवताहेत. आवाजच नाही!"

कानवाल्यांनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. नेमके त्याच वेळी चौघे वादक थांबले, गज हवेत, श्वास रोखलेला, आणि त्या शांततेत सासरेबुवांच्या कानातून एक लांबलचक, बारीक शिट्टी निघाली!

मशीन सैल बसलं आणि आवाज वाढवला की ते शिट्टी मारतं. आणि ज्याच्या कानात ते वाजतं, त्यालाच बहुधा ती शिट्टी ऐकू येत नाही. सासरेबुवा शांतपणे समोर बघत होते. बाकी सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. कानवाल्यांनी मशीन आत ढकलायला हात नेला. सासरेबुवांनी त्या हातावर फाडकन चापट मारली.

"अप्रतिम!" मागच्या बाई डोळे मिटून पुटपुटल्या.

वादक पुन्हा सुरू झाले, आणि कानवाल्यांनी पहिल्यांदाच मोबाइलवरून मान वर केली. व्हायोलिनवाला तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पलीकडे, जिथे कोणी शहाणा गज लावत नाही, तिथे गज घासत होता. चेलोवाली बोटांनी लाकडावर टकटक करत होती. म्हणजे खरखर मशीनची नव्हती! खरखर मुद्दाम बसवलेली होती!

"बाबा! मशीन ठणठणीत आहे! हे गाणंच असं आहे!"

"मग त्यांना सांगायला नको?" सासरेबुवा उठू लागले. कानवाल्यांनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं आणि मोबाइलवरून मशीन पुन्हा होतं तसं करून टाकलं.

आता निश्चिंतपणे बसायचं, एवढाच त्यांचा विचार होता. पण तेवढ्यात चौघांनी मिळून एक सूर धरला. इतका बारीक, की गजाचे केस तारेवरून सरकतानाची सळसळच जास्त ऐकू यावी. कानवाल्यांनी जन्मभर लोकांच्या कानांतून हीच सळसळ हुसकून लावली होती. ती इतकी सुंदर असते हे त्यांना माहीतच नव्हतं! त्यांच्या अंगावर काटा आला. मशीन, सासरे, अट, सगळं विसरून ते पुढे झुकले आणि ऐकत राहिले.

दोघं घरी आले, तेव्हा सासूबाई आणि बायको दारातच उभ्या होत्या.

"काय झालं? मशीन कसं आहे?"

"उत्तम आहे," सासरेबुवा म्हणाले. सासूबाईंचे डोळे भरून आले. सासरेबुवांनी मशीन कानातून काढलं आणि लेकीच्या तळहातावर ठेवलं. "पण गरज मला नाही, ह्यांना आहे. कधीपासून हाका मारतोय, जावईबापू चला, जावईबापू संपलं! ढिम्म हलत नाहीत! सगळी माणसं गेली, झाडूवाला आला, तेव्हा कोपराने ढोसून उठवलं."

"तरीच!" बायको म्हणाली. "मी सांगितलेली कामं ह्यांच्या कानावरच जात नाहीत. मला वाटायचं मुद्दाम करतात."

"अगं, मी गाणं ऐकत होतो!"

"कसलं गाणं?" सासूबाईंनी जमेल तितक्या हळू आवाजात विचारलं.

शब्दांत सांगता येईना, म्हणून कानवाल्यांनी डोळे मिटले आणि तोंडाने वाजवून दाखवलं. "खर्रर्र... टक् टक्... (इथे बराच वेळ काहीच नाही)... स्सस्सस्..."

त्यांनी डोळे उघडले. बायको पुढे आली आणि तिने हातातलं मशीन त्यांच्या कानात बसवलं.