हेमाची अंबाडी

हेमाच्या बाल्कनीत त्या वर्षी पहिल्यांदाच काहीतरी धड उगवलं होतं. आधी मेथी कबुतरांनी टिपली, मग पालक माकडांनी मुळासकट उपटून नेला, कोथिंबिरीने तर तोंडच दाखवलं नाही. शेवटी नांदेडच्या वहिनीने पाठवलेलं अंबाडीचं बी तिने रंगाच्या रिकाम्या डब्यांत पेरलं आणि उत्तरेतल्या जानकीपुरमच्या उन्हात ते असं तरारलं, की येणाऱ्याजाणाऱ्याने मान वर करून बघावं.

बघितलंही. पहिली खुडणी करून हेमा पातेलं गॅसवर चढवते न चढवते, तोच बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी मधुसूदन श्रीवास्तव आणि त्यांच्यामागे पोलीस चौकीचे दरोगाजी.

"भाभीजी, बालकनी में क्या लगाया है?"

"अंबाडी. हमारे उधर का साग है."

"नाम बदलने से भांग साग नहीं हो जाती," श्रीवास्तव म्हणाले. पानं खरोखर तशीच होती, हाताच्या बोटांसारखी फाकलेली.

"साहब क्या काम करते हैं?" दरोगाजींनी विचारलं.

हेमाचा नवरा अनुप खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आला होता. वर्दी बघून तो गडबडला आणि खरं तेच बोलला. "जी, ड्रग रिसर्च में हूँ."

श्रीवास्तवांनी दरोगाजींकडे असं पाहिलं, की आता पुराव्याची गरजच उरली नाही.

"हेमा, उपटून टाक सगळं," अनुप कुजबुजला. "माझी नोकरी जाईल."

"माकडांपुढे गप्प बसले. आता नाही बसायची." तिने मूठभर कोवळी पानं ताटलीत घालून श्रीवास्तवांपुढे धरली. "शिकायत आपने की, तो खाइए भी आप. नशा चढ़ा तो मैं खुद जीप में बैठूँगी."

दरोगाजींना हे पटलं. श्रीवास्तवांनी चार पानं चावली. आंबटपणाने त्यांचा एक डोळा मिटला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि इतक्या नजरा अंगावर येताच त्यांना दरदरून घाम फुटला. ते खुर्चीत बसले.

"पंखा घूम रहा है," ते म्हणाले.

"वो तो चालू ही है," अनुप म्हणाला.

यावर श्रीवास्तव हसू लागले. थांबेचनात. दरोगाजींनी मोबाईल काढला, अनुप पांढराफटक पडला. आपलंच पीक आपल्यावर उलटतंय हे हेमालाही दिसत होतं. पण ती मागे हटली नाही. उरलेल्यातली बरीचशी पानं तिने स्वतः चावून खाल्ली आणि शेवटची दोन पानं दरोगाजींच्या हातावर ठेवली. त्यांनी विचार करत ती खाल्ली. थोडा वेळ वाट पाहिली.

"श्रीवास्तवजी," ते म्हणाले, "मुझे तो सिर्फ भूख लगी है."

एव्हाना पातेल्यातली अंबाडी कण्यांबरोबर मऊ शिजली होती. हेमाने ती घोटून वर लसणाची चुरचुरीत फोडणी ओतली, तसा त्या वासाने श्रीवास्तवांची नशा जागच्या जागी उतरली. पाटावर न बोलावता आधी तेच बसले.

दरोगाजींनी दुसरी भाकरी मोडली. "इतनी सी बालकनी में कितना होगा? ऊपर की छत तो खाली पड़ी है."

गेली दोन वर्षं गच्चीला कुलूप लावून बसलेल्या श्रीवास्तवांच्या तोंडात मोठा घास होता. त्यांनी नुसती मान हलवली. ती मान होकाराची होती की भाजीच्या चवीची, हे विचारत न बसता हेमाने त्यांच्यापुढे हात पसरला.

"चावी दीजिए," ती म्हणाली आणि दुसऱ्या हाताने त्यांना आणखी एक पळी भाजी वाढली.