मशीनला मोहरी दाखवणारे मनोहरभाऊ

मशीनच्या शोरूममध्ये शिरून खिशातून मोहरीची पुडी काढणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे, आणि दर वेळी त्याच्या शेजारच्या खुर्चीत मीच बसलेलो होतो.

मनोहरभाऊ सौंसरला माझे शेजारी. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते पुढच्या खोलीत झटका मशीनची सर्किटं बनवतात. झटका मशीन म्हणजे रानडुकरं संत्र्याच्या बागेत शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत झटका सोडणारी पेटी. तिच्या सर्किटवर मोहरीएवढे पार्ट बसवावे लागतात, आणि ते पार्बताबाई आणि मोहल्ल्यातल्या आणखी तीन बाया लांब टेबलाशी बसून चिमट्याने बसवतात. यंदा नागपूरच्या व्यापाऱ्याने निरोप धाडला, पेरणीच्या आत दुप्पट माल द्या, नाहीतर मी दुसरीकडून घेतो. म्हणजे पार्ट आपोआप उचलून जागेवर बसवणारी मशीन घेणं आलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून सोबत मला न्यायचं ठरलं. माझं विज्ञान आठवीच्या पुढे जात नाही, हे मी सांगून पाहिलं.

"तसं नाही ना बाप्पा," मनोहरभाऊ म्हणाले. हे त्यांचं पालुपद. "तुमी फक्त मान हालवा. मास्तरनं मान हालवली का समोरच्याले धाक वाटते."

नागपूरच्या पहिल्या शोरूममध्ये विक्रेत्याने मशीन सुरू केली. तिची चोच अशी काही नाचू लागली की मी मनापासून मान हलवली. मनोहरभाऊंनी शांतपणे टेबलावर मोहरी ओतली.

"हे उचलून दाखवा."

"काका, हिला पार्ट रिळावर गुंडाळलेल्या पट्टीतून द्यावे लागतात. सुटं ती उचलत नाही."

"आमच्या पार्बताबाई तं गप्पा मारता मारता ताटातून उचलून राहिल्या!"

विक्रेता माझ्याकडे बघू लागला. मी पुन्हा मान हलवली. मला दुसरं काम दिलेलंच नव्हतं.

मग मनोहरभाऊंनी विचारलं, "हिच्यापाशी माणसं किती लागतात?"

"एकच, काका!" विक्रेता खुलला. "तोसुद्धा मधूनमधून."

मनोहरभाऊ उठले. पिशवीतून संत्री काढून त्यांनी टेबलावर मांडली आणि हात जोडले. सौदा पक्का झाला असं समजून विक्रेत्याने त्यांचे जोडलेले हात हातात घेतले, आणि आम्ही बस स्टँडवर आलो.

"नाही म्हणायचं होतं, तर संत्री कशाला दिली?" मी विचारलं.

"नाही म्हणाचं होतं म्हनूनच दिली ना. रिकाम्या हातानं कसं म्हणाव?"

असं करत आम्ही नागपूर पालथं घातलं. एवढी स्थळं त्यांनी मुलीसाठीसुद्धा पाहिली नव्हती. एका मशीनला बंद खोली लागत होती, आत धूळ नको, माणसांची गर्दी नको. ती विक्रेत्याचं बोलणं संपायच्या आत नापास झाली. दुसरी अगदी गुणी होती, आवाज म्हणून करत नव्हती. "घुमी हाय," मनोहरभाऊ म्हणाले. "घरात हाय का नाही, कसं समजन?" पुढेपुढे विक्रेते आपसांत बोलले असावेत. एकाने तर पिशवीत हात जाताना पाहूनच गयावया केली, "काका, संत्री आतच ठेवा, आधी ऐकून तर घ्या!"

परत आलो की पार्बताबाई विचारायच्या, "पसंत पडली का जी?" चारही चिमटे हवेत थांबायचे. मशीन आली की आपलं टेबल उठणार, हे त्या बायांना कोणी सांगायला नको होतं. टेबल उठलं की पुन्हा कापूस वेचायला उन्हात जाणं आलं, आणि पार्बताबाईंचे गुडघे आता वाकत नव्हते. मनोहरभाऊ "नाही पडली" म्हणाले की चिमटे पुन्हा चालू व्हायचे. इकडे व्यापाऱ्याचे फोन वाढत चालले. शेवटी मीच चिडलो. या खेपेला मशीन घेतली नाही तर माझी मान मी घरी ठेवून येईन, असं त्यांना बजावलं.

त्या दिवशी कोपऱ्यातली सगळ्यात लहान मशीन दाखवायला विक्रेत्यालाच संकोच वाटत होता. "ही फक्त बारीक पार्ट बसवते, काका. मोठे हातानेच लावावे लागतील. रीळ संपलं की ओरडत बसते. प्रत्येक सर्किट कुणीतरी नजरेखालून घालायला पाहिजे. माल दुप्पट निघेल, पण खरं सांगतो, तीन-चार माणसं हिच्यापाशी लागतातच."

"हीच द्या," मनोहरभाऊ म्हणाले. पुडी खिशातच राहिली.

बसमध्ये मी तोंड सोडलं. एवढ्या देखण्या मशीन सोडून ही रडकी कशाला? त्या बायांची काळजी होती तर तसं पहिल्याच दिवशी बोलायचं! बोरगावला मनोहरभाऊंनी पिशवीतलं एक संत्रं सोलून अर्धं माझ्या हातात दिलं.

"बायांची हाय ना काळजी. पन खरं सांगू का, मास्तर? माहीच जास्त हाय. तुमची सुमनवहिनी गेली तवापासून घर खायले उठते. अकरा वाजता ह्या चौघी येतात. भांडतात, हासतात, माह्या भाजीले नावं ठेवतात. मी पाच कप चहा मांडतो. रविवारी एकट्यापुरता मांडाले जातो तं मापच जमत नाही. कधी दूध जास्त, कधी साखर. मंग फेकून देतो."

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "मग रविवारी आमच्याकडे येत जा ना चहाला."

त्यांनी नकाराची मान हलवली.

"तुमच्या घरी पिऊन काय होते? तुमी या. ज्याच्यासाठी चहा मांडाव, असं कोणी तरी पायजे मले."