तेवीस पोती, एक अंगण

फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरी बांधून द्यावी, हा वैजनाथरावांच्या घरचा नियम.

सून राजनंदिनीला सातवा महिना.

"एका जागी वीस पोती असतील तरच खास ट्रॅक्टर मिळेल," हे नगरपरिषदेचं उत्तर.

डोहाळजेवणाला सतरंज्या शेजारून आणाव्या लागतील.

वैजनाथराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घंटागाडीवाल्यांच्या संपाला बारा दिवस झाले होते, आणि सुनेचं डोहाळजेवण ज्या अंगणात व्हायचं तिथे सुक्या कचऱ्याची चार पोती ठाण मांडून होती. रविवारी घोडेगावहून विहीणबाई येणार. वैजनाथरावांनी नगरपरिषदेत रोज एक तक्रार दिली. सातवीला उत्तर आलं ते वीस पोत्यांच्या नियमाचं.

नियम म्हटला की त्यांना हुरूप येई. त्यांनी दारोदार फिरून कचरा मागून आणला. लोकांनी तो आनंदाने दिला. सूर्यभान मास्तरांनी तर माळाच रिकामा केला. शुक्रवारी अंगणात तेवीस पोती झाली आणि आठवी तक्रार गेली.

"अन् ट्रॅक्टर न्हाईच आला तर?" मुक्ताबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"नियमात बसतंय. येणारच."

शनिवारी दहापर्यंत कोणी फिरकलं नाही, तेव्हा ते जाब विचारायला निघाले. नगरपरिषदेच्या दारातच संपकऱ्यांचा मंडप. हातमोजे आणि गमबूट मिळेनात म्हणून संप. त्यांच्या गल्लीतल्या घंटागाडीवरच्या बनुबाईंनी हाक मारून त्यांना बसवून घेतलं, चहा दिला आणि आपला काचांनी चिरलेला तळहात पुढे केला.

"दादा, ह्यातली एक बी जखम तुमच्या घरची न्हाई."

वैजनाथरावांना जाब कोणाला विचारायचा तेच आठवेना.

तेवढ्यात बाहेरचे मजूर घेऊन नगरपरिषदेचा ट्रॅक्टर निघाला. सगळे संपकरी त्याला आडवे गेले. सर्वांत पुढे वैजनाथराव.

"ऑर्डर दाखव," ते म्हणाले.

ड्रायव्हरने चिठ्ठी काढली.

"जावक क्रमांक? शिक्का?"

"घाईत दिली, साहेब."

"मग हा कागदच नव्हे." चिठ्ठी न वाचताच त्यांनी परत केली. असला कागद त्यांनी नोकरीत कधी वाचला नव्हता.

ट्रॅक्टर माघारी वळला. वैजनाथरावांच्या गळ्यात हार पडला.

घरी मुक्ताबाईंनी आधी हाराकडे पाहिलं, मग पोत्यांकडे.

"हार कशाचा?"

"एक ट्रॅक्टर अडवला."

त्यांनी पदर खोचला. शेजारून सतरंज्या आणल्या, पोती रचून, दाबून त्यांवर अंथरल्या आणि वर ठेवणीतली पैठणी टाकली. रविवारी राजनंदिनी फुलांचे दागिने घालून त्या ढिगावर बसली. ती हसली की खाली प्लास्टिकची बाटली कचकन दबायची.

"बैठक लई झ्याक केलीय," विहीणबाई म्हणाल्या. "एवढी उंच आमाला न्हाई जमली."

ड्रायव्हरच्या हातातली ती चिठ्ठी शनिवारी सकाळी साडेनऊला लिहिली होती. तिच्यावर एकच पत्ता होता, वैजनाथरावांचा.