येतानाचे दोन तास

परदेशातून परतलेला जावई आंघोळ करून गाढ झोपला आणि मुलीकडे राहायला आलेल्या सासऱ्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मुलगी सहज बोलून गेली होती, "जाताना अकरा तास, येताना तेरा. थकलाय बिचारा."

सासऱ्यांचा जन्म बस कंपनीत तपासनीस म्हणून गेलेला. उशिरा आलेल्या ड्रायव्हरच्या नुसत्या तोंडाकडे बघून तो कुठल्या टपरीवर थांबला होता हे ते ओळखत. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. निवृत्तीनंतर पकडायला कुणी उरलं नव्हतं आणि हात शिवशिवत होते.

"विमानतळ दोन्ही तेच ना?"

"हो, बाबा."

"अंतर तेच?"

"तेच असणार."

"मग दोन तास गेले कुठे?"

मुलगी हसली, आणि हसता हसता थांबली.

सासऱ्यांनी भिंतीवरच्या नकाशावर दोरा ताणला. मग मोबाइलवर विमानाचा मार्ग पाहिला. तो चांगली कमान करून वरून गेलेला. "बघ! सरळ रस्ता सोडून वळसा! वळसा म्हटला की त्याच्या पोटात काहीतरी असतंच."

"अहो, विमान काय तो चालवत होता?" खिडकीशी अभ्रे शिवत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

"तू मध्ये पडू नकोस."

मग जावयाची बॅग उघडली गेली. त्यात निळे मोजे निघाले आणि डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी.

"हे मोजे त्याचे नाहीत," मुलीचा आवाज चिरकला. "बाबा, मी तुमच्याबरोबरच येते." आणि ती खरंच कपाटातले स्वतःचे कपडे पिशवीत भरू लागली. आता मात्र सासरेच तिला अडवू लागले. चोर पकडायचा होता, संसार मोडायचा नव्हता.

या गडबडीने जावई उठून आला. सगळं ऐकून तो आधी खो खो हसला. बायकोचे डोळे पाहिल्यावर मुकाट्याने घरातला फुटबॉल घेऊन आला.

"बाबा, दोरा यावर ताणा. पृथ्वी गोल आहे, जवळची वाट अशीच वरून जाते. नकाशावर ती वाकडी दिसते, एवढंच. मोजे नि पट्टी विमानात सगळ्यांनाच देतात. आणि वर वारं जोरात असतं. जाताना ते पाठीशी होतं, येताना तोंडावर. म्हणून उशीर."

मुलीने कपडे पुन्हा कपाटात ठेवले. सासऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "वारं होय! मग काही हरकत नाही."

सासूबाईंनी दाताने दोरा तोडला. "म्हणजे रस्ता तोच असला तरी येताना जास्त वेळ लागू शकतो म्हणायचा."

"लागतो ना, आई."

"नाही, आमचा डेपो घरापासून दहा मिनिटांवर होता. जाताना यांना दहाच मिनिटं लागायची. येताना मात्र रोज दीड तास, थेट निवृत्त होईपर्यंत." त्यांनी चष्मा वर केला. "अहो, तुमच्या रस्त्यावर कुठलं वारं होतं?"

मुलगी बाबांकडे बघू लागली. जावयानेही फुटबॉल खाली ठेवला.

सासऱ्यांनी टेबलावरची काळी पट्टी उचलली. "जरा पडतो मी," म्हणत ती डोळ्यांवर चढवली आणि चाचपडत आतल्या खोलीकडे निघाले.