आट्यांचं की शिकंज्याचं?

आमच्या गल्लीत कुणाकडं गॅसची नवी टाकी आली, की पाठोपाठ आमचे उत्तमदाजी मगात साबणाचा फेस घेऊन हजर. कुणी बोलावलेलं नसतं. सरळ स्वयंपाकघरात घुसायचं, रेग्युलेटरवर फेस थापायचा आणि बुडबुडा येतो का ते डोळे फाडून बघत बसायचं. घरची बाई म्हणते, "सर, आत्ताच माणूस बसवून गेला." की दाजी कडाडलेच. "बसवून गेला! अन् गळती? ती बघायची कुणी, माझ्या बापानं?"

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे मालक. नांदेडात आमची घरं भिंतीला भिंत लावून, त्यामुळं हा ताप मला बारमाही. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाले, पण वर्गातला आवाज काही रिटायर झाला नाही.

आता ह्या माणसानं काय काढावं? समुद्रात बुडी मारायचं रेग्युलेटर विकत घ्यायचं! पाठीवरच्या टाकीतली हवा नळीनं तोंडात आणून देतं ना, ते. गोदावरीत घोट्याच्या वर कधी उतरले नाहीत हो!

कारण होतं त्यांचा पोरगा निखिल. त्याला लातूरला क्लास लावला होता. नंबर काही लागला नाही. मित्रांबरोबर मालवणला फिरायला गेला अन् तिथंच राहिला. पर्यटकांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवतो. "लातूरला डॉक्टर व्हायला पाठवलं, अन् मालवणला बुडायला गेला!" दाजी भर चौकात ओरडले, आणि तेव्हापासून पोराशी अबोला. दर रविवारी त्याचा फोन येतो. अक्का बोलते, हे अंगणात जाऊन कुंड्यांवर खेकसतात.

त्यात अक्काच्या तोंडून निघून गेलं, की निखिल कुणाचं तरी जुनं रेग्युलेटर वापरतो. झालं! दाजींचं जेवणात लक्ष लागेना. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि मला पकडायचे.

"ऐक. टाकीला जोडायच्या दोन तऱ्हा हायत. एक आट्यांची. टाकीच्या तोंडात फिरवून आत घट्ट बसती. दुसरी शिकंज्याची, वरून आवळायची. आट्यांची पक्की. कुठं धडकली तरी हलत न्हाई."

"मग आट्यांचं घ्या."

"अन् त्याच्या टाकीला आटेच नसले तर? अक्कल गहाण टाकली का?"

"मग शिकंज्याचं घ्या!"

"अन् निसटलं तर? इतक्या खाली? माझं पोर..." अन् लगेच माझ्यावरच डाफरले. "तू गप बस!"

दुसऱ्या दिवशी नवीन टुमणं. टाकी संपत आली तरी दम सारखाच ओढता यावा, असलंच पाहिजे. आणि जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायला नळीचं एक जादा तोंड पाहिजे. वेल्डिंगच्या दुकानात जाऊन आले. तो बिचारा म्हणाला, "सर, आमच्या टाक्यांना आटेच असतात." त्यालाच झापलं, "तू काय समुद्रात वेल्डिंग करून राहिला का?"

शेवटी माझं डोकं सटकलं. "अवो, पोराला एक फोन करा ना! टाकीचं तोंड कसं हाय, एवढं तर विचारायचंय!"

"मी करत न्हाई. त्यानं करावा."

"त्यो करतोच की! तुम्हीच कुंड्यांशी भांडत बसता!"

आणि मी सरळ नंबर लावला, स्पीकर चालू केला. "जयभीम मामा!" पलीकडून निखिल. मी म्हणालो, "जयभीम. तुझ्या बापाला काहीतरी विचारायचंय." आणि फोन दाजींच्या हातात कोंबला.

दाजींनी फोन तोंडापुढं धरला. मग शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असे ओरडले, "टाकीला आटे हायत का शिकंजा?"

"...बाबा?"

"विचारलंय त्याचं उत्तर दे!"

"शिकंजा लागतो बाबा. पण टाकीच्या तोंडात एक कडी हाय. ती काढली की आट्यांचंबी बसतं. दोन्ही चालतंय."

दोन्ही चालतंय! माझ्या मस्तकात तिडीक गेली. "ऐकलं का? उगा माझं डोकं खाल्लं इतके दिवस!" पण माझ्याकडं लक्ष कुणाचं? दाजी फोन दोन्ही हातांनी धरून उभे होते.

"तुम्ही कशाला विचारून राहिले, बाबा?"

"घेऊन राहिलो म्हणून!" ओरडायला गेले, पण आवाज चढलाच नाही. "आट्यांचंच घेतो. खाली... खाली दम कोंडत न्हाई ना रे?"

"न्हाई बाबा."

"हां."

अक्का दारात येऊन उभी राहिली. मी फोन घ्यायला हात पुढं केला, तर दाजींनी तो झटकला आणि पाठ फिरवून, एकदम हळू आवाजात म्हणाले,

"ऐक. रविवारी आईला फोन केलास की म्हणावं, बाबांना दे. मी मागायचो न्हाई. तू म्हण."